लक्षात ठेवणारा ब्राऊझर

"एक नंबरवर बस," अण्णा म्हणाले.

"नको नको, तीनवर ये," मी म्हणाले.

मुलगी दारातच थांबली. छातीशी प्लॅस्टिकची फाइल, पायात धुळीनं माखलेल्या चपला. आपण कुणाच्या तरी भांडणात येऊन पडलो, असं तिला वाटलं असावं. भांडण होतंच ते, फक्त रोजचं.

मी खुर्ची पुढं ओढली. "ये गं. तिकडं बसलीस तर पान उघडेपर्यंत तुझी शेवटची गाडी जाईल."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पोरगी तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मी जिंकले. दिवसातून दहा वेळा मी अशी जिंकायची.

ही गोष्ट २०११च्या जुलैतली. विट्यात एसटी स्टँडमागच्या गल्लीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. तालुक्यातले निम्मे कारकून अण्णांच्या, म्हणजे पोरे सरांच्या, हाताखालून गेलेले. मग टाइपरायटरचे दिवस सरले. दोन यंत्रं ठेवून अण्णांनी बाकीची मोडीत काढली आणि त्या जागी चार कॉम्प्युटर आले. जुन्या पाटीखाली मी रंगवून घेतलं, 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, बी.कॉम. झालेली, आणि गावात आपल्याइतकं कॉम्प्युटरमधलं कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं भांडण ब्राऊझरवरून असायचं. अण्णा एक नंबरवर बसायचे आणि तिथं तो निळा 'ई', इंटरनेट एक्स्प्लोरर. मी तीन नंबरवर फायरफॉक्स आणला होता. त्याच्या चिन्हातल्या जनावरामुळं आमच्याकडं त्याला सगळे कोल्हाच म्हणायचे. कोल्ह्यात एका खिडकीत दहा पानं उघडी ठेवता यायची. अण्णांना एका वेळी एकच पान चालायचं. एक बंद करायचं, मग दुसरं उघडायचं, टाइपरायटरवरून कागद काढून दुसरा चढवल्यासारखं. एखाद्या सरकारी साइटच्या तळाशी 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशी ओळ दिसली की अण्णा मला हाक मारून ती वाचून दाखवायचे. दिवसभर खूश असायचे मग.

पण माझा जीव जडला होता तो कोल्ह्याच्या स्मरणशक्तीवर. एकदा फॉर्म भरला की नाव, पासवर्ड, सगळं तो ठेवून घ्यायचा. पुढच्या वेळी नुसतं पहिलं अक्षर दाबलं की बाकीचं आपोआप. निळा 'ई'देखील विचारायचा, लक्षात ठेवू का म्हणून. अण्णा दरवेळी न चुकता 'नाही' दाबायचे. त्यांची पद्धत तर ऐकण्यासारखी होती. पासवर्ड ज्याचा त्यानं टाइप करायचा. पोरं चाचपडायला लागली की अण्णा कीबोर्डवर, त्यांच्या हातांसकट, टायपिंगच्या क्लासातलं ते काळं फडकं पसरायचे आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. एका पासवर्डला पाच मिनिटं. तोपर्यंत माझ्याकडं फॉर्म भरून पोरगं चहा पिऊन परत आलेलं असायचं.

"नाव काय तुझं?" मी मुलीला विचारलं.

"राजश्री बाबर. माळेवाडी."

"कशाचा फॉर्म?"

"नर्सिंगचा."

भराभर भरला. बारावीला अडुसष्ट टक्के. वडील सेलमला, गलाईच्या दुकानात. आमच्या भागातली निम्मी घरं अशीच, बाप्ये दक्षिणेत सोनं-चांदी गाळायला आणि मागं बायका, म्हातारी माणसं, शेती. मोबाइल नंबरच्या चौकटीत मी न विचारताच माझा नंबर घातला. ज्यांच्याकडं फोन नसायचा त्या सगळ्यांना आम्ही आमचाच नंबर लावायचो. प्रवेशाचा मेसेज आला की मी गावात निरोप धाडायची.

"पासवर्ड माळेवाडी एक दोन तीन ठेवते."

अण्णा पेपराआडून खाकरले. "तिचा तिला घालू दे की."

"अण्णा, बाहेर चौघं थांबलेत."

कोल्ह्यानं वर विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? मी न वाचताच हो दाबलं.

मग आला पसंतीक्रम. कुठलं कॉलेज पहिलं हवं, कुठलं दुसरं. राजश्रीनं फाइलमधून वहीचा कागद काढला. तिनं सगळं लिहूनच आणलं होतं.

"पुणे पयलं. मग सोलापूर. मग मिरज."

"आणि इथलं? आता इथंही निघालंय की. घरून जाऊन येऊन होईल."

"त्ये नको."

"का गं?"

"हितलं घातलं की हितलंच मिळंल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तात्या म्हनत्यात हितलंच घाल. तात्या म्हंजे माझं चुलतं. पप्पांना फोन केल्ता. पप्पा म्हनलं, तुझं तू बघ, आन् तात्यांना इचार."

"मग विचारलंस?"

"मी पयलं वाक्य धरलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

मला ती आवडून गेली. मी पुणे एक, सोलापूर दोन, मिरज तीन असं भरलं. "आता लॉक करू? लॉक केलं की मग बदलत नाही."

"शनवारपर्यंत हाय न्हवं? होस्टेलचं तेवढं इचारून घ्येते. शनवारी येऊन करते."

शनिवारी अण्णा दाढदुखीनं हैराण होऊन सकाळीच दातांच्या डॉक्टरांकडं गेले. मी एकटीच होते. साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. शेंगा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"घरच्या हायत. सरांना द्या." मग खुर्चीच्या कडेवर बसले. "ताई, राजश्रीचा फॉर्म हितंच भरलाय न्हवं? मी तिचा चुलता, संपत बाबर."

"हो, बुधवारी भरला. का?"

"पोरीनं लावून दिलंय मला. पुन्याचं नको म्हनती आता. म्हातारी पडलीया परवा, खुब्याला लागलंय. तवा हितलंच कॉलेज घाला, म्हनली. आज शेवटचा दिस हाय म्हनं."

"ती का नाही आली?"

"म्हातारीजवळ कोन बसनार मग?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटेपर्यंत मी थांबलेही नव्हते. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा हात कीबोर्डवर गेला होता.

"त्यो पासवर्ड का काय म्हनत्यात त्यो मला ठावं न्हाई बरं का."

"लागत नाही काका. ह्याला सगळं माहीत असतं." मी पडदा त्यांच्याकडं वळवला आणि एकच अक्षर दाबलं. नाव आलं. त्याखाली टिंबांची ओळ आली. फॉर्म उघडला.

"आगं बया," ते म्हणाले. "कोन ह्यो?"

"ब्राऊझर. फायरफॉक्स."

"हुशार हाय की गडी."

ते कौतुक मी स्वतःकडंच घेतलं. पुणे काढलं, सोलापूर काढलं, मिरज काढलं. इथलं कॉलेज एक नंबरवर टाकलं. "हेच ना?" त्यांनी मान हलवली. लाल अक्षरांत सूचना आली, एकदा लॉक केल्यावर बदल करता येणार नाही, पुढे जायचे? मी हो दाबलं. माझा मोबाइल वाजला आणि लॉक झाल्याचा मेसेज आला. तोही मी त्यांना दाखवला.

"झालं?"

"झालं."

ते उठले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "पुन्यात कोन हाय तिचं," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. हे वाक्य ते मला सांगत होते की स्वतःला, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी बाहेरच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

दुपारी पावणेतीनला राजश्री आली. चालत्या गाडीतून उडी मारल्यासारखी धापा टाकत.

"ताई, लॉक करायचं. होस्टेल मिळतंय म्हनं, फोन केल्ता मी."

अशा वेळी खरं बोलायला एक क्षणच मिळतो आणि तो मी घालवला. "थांब, बघते," असं म्हणून मी फॉर्म उघडला, जणू मलाही आत काय आहे ते ठाऊक नाही. तिनं पडद्यावर वाचलं. एकच कॉलेज आणि शेजारी कुलपाचं चित्र.

"ह्ये कसं काय?"

"साइटचा काहीतरी घोळ दिसतोय," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात ह्या वाक्याला मरण नाही. सर्व्हर, साइट, नेट. लोक मान डोलावतात आणि घरी जातात. तिनंही विश्वास ठेवला, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. तिचा चेहरा उतरला होता, पण राग माझ्यावर नव्हता, कुठल्या तरी न दिसणाऱ्या साइटवर होता.

"मग आता?"

"सोमवारी फोन करून बघू."

"पर आज शेवटची तारीख हाय न्हवं?"

अण्णा तासाभरापूर्वीच परतले होते. गालात औषधाचा कापूस धरून एक नंबरवर बसले होते. सकाळचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले. "किती वाजता लॉक झालंय, येतं का त्यात?" कापसामुळं शब्द नीट फुटत नव्हते, पण कळत होते.

येत होतं. दहा वाजून बावन्न मिनिटं. अंगठ्याएवढ्या अक्षरांत.

"त्या वेळेला तू एकटी होतीस इथं."

मी सगळं सांगितलं. काका आले, आजी पडली म्हणाले, तू पाठवलंयस म्हणाले. मी केलं.

राजश्री रडली नाही, ओरडलीही नाही. नीट विचार करून एकेक प्रश्न विचारत गेली आणि ते मला जास्त जड गेलं.

"आजी पडलीया हे खरं हाय. पर मी पाठवलं न्हवतं त्यांना. आन् पासवर्ड तर मी दिलाच न्हवता."

"लागला नाही."

"का?"

"ब्राऊझरनं ठेवला होता."

"कुनी सांगितलं त्याला ठेवायला?"

"मी."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तीन नंबरवर बसत होते. "अजून कुणाकुणाचं आहे ह्यात?"

मी यादी उघडली. असली यादी निघते हे मला माहीत होतं, पण ती कधी उघडून बघितली नव्हती. नावं खाली खाली जात राहिली. पोरी, पोरं, जिल्हा परिषदेचे मास्तर, आशाताई, आमचे शेजारी. कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची बदली, कुणाचं गॅसचं कनेक्शन. एकशे त्रेचाळीस माणसं. दारातून कुणीही येऊन मला घरातलं एक नाव आणि एक बरं कारण सांगितलं असतं, तर मी ह्यातल्या कुणाचंही काहीही उघडून दिलं असतं. दोष कोल्ह्याचा नव्हता. तो विचारत होता, दरवेळी विचारत होता, आणि मी वाचतच नव्हते. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "तासगावच्या मदत केंद्रात लॉक काढून देतात. साडेपाचपर्यंत उघडं असतं. पोरीचा अर्ज लागेल, आणि कुणी केलं त्याचं लेखी लागेल." असं म्हणून ते मराठी टाइपरायटरसमोर बसले आणि कागद चढवला. आधी राजश्रीचा अर्ज झाला, चार ओळींचा. तिनं सही केली. मग दुसरा कागद.

"सांग," ते मला म्हणाले.

"मी, हेमलता गजानन पोरे, असं लिहून देते की," मी सुरू केलं, "दिनांक अमुक रोजी माझ्याकडून अनवधानानं..."

यंत्र थांबलं. "अनवधानानं? झोपेत होतीस?"

"नाही."

"मग तो शब्द नको."

"अण्णा, फॉर्म भरायच्या मान्य केंद्रांच्या यादीवरून आपलं नाव काढतील. ऐन फॉर्मच्या दिवसांत."

"काढतील," ते म्हणाले. "पुढं सांग."

मी सांगत गेले. अर्जदार समोर नसताना, तिला न विचारता, माझ्याकडे साठवलेल्या पासवर्डनं अर्ज उघडला, पसंतीक्रम बदलला आणि लॉक केला. अण्णांनी एकही शब्द माझ्या बाजूनं वळवला नाही आणि एकही माझ्या विरुद्ध घातला नाही. खाली केंद्राचं नाव टाइप केलं. मी सही केली.

तासगावचं वडाप, सीटं भरल्यावरच हलणारी ती खासगी जीप, स्टँडबाहेर उभंच होतं. म्हणजे उभंच. ड्रायव्हर टपाला रेलून विडी ओढत होता.

"आनी दोन सीट आलं की हलतो."

"ती दोन सीटं आमच्यातच धरा," मी म्हणाले.

"धरली तरी बसनार कोन?"

"फाइल बसंल," राजश्री म्हणाली. "हला मामा. माझं आयुष्य हाय त्यात."

ती हे इतकं सरळ म्हणाली की तो विडी टाकून आत बसला. वाटेत तिनं माझा कागद मागून घेतला आणि खड्ड्यांतून उसळत तो पुरा वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून आपल्या फाइलमध्ये ठेवला.

"तात्या वाईट न्हाईत," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "म्हातारीचं सगळं मीच करते. काकू रानात असती. मी ग्येल्यावर कसं व्हायचं, ही त्यांना काळजी. मलाबी हायच की ती."

"आजी काय म्हणते?"

"आजी म्हनती, जा. मग रडती. मग पुन्यांदा म्हनती, जा."

मला तिला काहीतरी धीराचं सांगावंसं वाटलं. पण सकाळी तिच्या वतीनं एवढं सगळं बोलून-करून बसल्यावर माझ्या तोंडून ते बरं दिसलं नसतं.

मदत केंद्र एका कॉलेजात होतं. पावणेपाचला पोचलो. काउंटरवरच्या मॅडमनी दोन्ही कागद वाचले, माझा दोनदा.

"हे तुम्ही स्वतः लिहून दिलंय?"

"हो."

"तुमच्या केंद्राचं नाव वर कळवावं लागेल मला. अहो, नुसतं 'तांत्रिक चूक' लिहिलं असतं तरी मी काढून दिलं असतं लॉक. रोज येतात असले." त्यांनी आवाज खाली आणला. "बदलून देताय का? कोरा कागद आहे माझ्याकडं."

मोह झाला. मोठा झाला. अण्णा इथं नव्हते, आणि पोरीचं काम दोन्ही बाजूंनी होणारच होतं. मग कशाला? मी हातही पुढं केला होता. राजश्री माझ्याकडं बघत होती, आग्रह म्हणून नाही, नुसतीच. दुपारी 'साइटचा घोळ' असं मी म्हणाले तेव्हाही ती अशीच बघत होती, माझ्या शब्दावर उभी राहून.

"राहू दे," मी म्हणाले. "झालंय ते असंच झालंय."

मॅडमनी खांदे उडवले, शिक्का मारला आणि लॉक काढलं. राजश्रीला आतल्या कॉम्प्युटरवर बसवलं. "नवीन पासवर्ड घाल. मोबाइल नंबर हाच राहू दे का, ह्या ताईंचा?"

राजश्रीनं मान वळवून मला पाहिलं. "न्हाई. बदलायचाय," ती म्हणाली आणि दहा आकडे तोंडपाठ सांगितले.

मला लागलं ते. वाईट वाटून घ्यायचा हक्क नव्हता तरी लागलं. मी उठून व्हरांड्यात गेले आणि सूचनाफलकावरचे मागच्या वर्षीचे निकाल वाचत उभी राहिले. पाच वीसला ती बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

काय टाकलं ते तिनं सांगितलं नाही. परतीच्या वडापात माझी जीभ नुसती वळवळत होती. पुणे? इथलं? आजी रडते म्हणून इथलं? विट्यापर्यंत मी विचारलं नाही. इतका वेळ एखादी गोष्ट न विचारता मी तोपर्यंत कधी राहिले नसेन.

दुसऱ्या दिवसापासून मी यादीतली एकशे त्रेचाळीस नावं पुसायला घेतली. एका बटणात सगळी जात होती, पण मी त्या सगळ्यांना आधी निरोप धाडले, या आणि आपापला पासवर्ड बदलून घ्या म्हणून. पंधरा दिवस लोक येऊन वैतागत होते. 'आधी बरं होतं की' असं म्हणत होते. आठवड्यानं पत्र आलं. आमचं केंद्र त्या वर्षापुरतं मान्य केंद्रांच्या यादीवरून काढलं होतं. अण्णांनी ते पत्र फायलीत लावलं आणि दाढ काढून घ्यायला गेले.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. भाचे मला विचारतात, मावशी, कुठला ब्राऊझर चांगला? मी अजूनही कोल्हाच वापरते, मला तोच आवडतो. पण तो काही विचारायला लागला की मी आता चष्मा लावून वाचते. घरातली पोरं हसतात.

निकाल लागला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टातला मंगळवार होता. सकाळीच संपत बाबर आले. टोपी, सदरा, आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान. मधल्या दिवसांत त्यांना घरात कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"निकाल हाय म्हनं आज. बघा की ताई. हितलंच लागलं असंल."

"मला नाही बघता येणार, काका."

"का? ह्याला सगळं म्हाईत असतंय म्हनला हुतासा."

"आता नाही माहीत. सगळं काढून टाकलंय. आणि त्याच दिवशी दुपारी राजश्रीनं येऊन फॉर्म बदलून घेतला. तिच्या हातानं. काय भरलंय, ते मलाही ठाऊक नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे? मी सांगून गेल्तो न्हवं? कुनाला इचारून बदाललं?"

"फॉर्म तिचा आहे. त्या दिवशी मीच तिला न विचारता तुमचं ऐकलं, ते माझं चुकलं. तुम्हीही मला खोटं सांगितलंत. पण मला ते विचारून घेता आलं असतं."

अण्णा एक नंबरवरून उठून उभे राहिले होते. संपतराव काहीतरी जोरात बोलणार इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला आणि आवाज एकदम खाली आला.

"बोल, दादा."

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की आम्हालाही ऐकू येत होता. सेलमहून राजश्रीचे वडील. "संपा, मेसेज आलाय मला! माझ्या फोनवर आलाय! इंग्लिशमदी हाय, दुकानात एक तमिळ गिऱ्हाइक हुतं, त्यानं वाचून दावला. पुनं म्हनतोय! सरकारी म्हनतोय! पोरीचं नाव पुरं लिवलंय, माझ्या नावासकट!"

तेव्हा मला कळलं, तासगावला तिनं कुणाचा नंबर तोंडपाठ सांगितला होता ते. बापानं 'तुझं तू बघ' म्हणून लांबून हात झटकले होते. निकालाची पहिली खबर तिनं त्याच्याच हातात पोचवली होती.

"व्हय, दादा," संपतराव म्हणत होते. "व्हय... हितं विट्यातच हाय मी... न्हाई, न्हाई, म्हातारीचं बघतो की मी. काकूला सांगतो तिच्या... बाई लावू कुनीतरी... पाठवतो की. कोन न्हाई म्हनतंय." फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानालाच धरला होता.

मग ते खुर्चीवर बसले. टोपी काढली, टोपीनंच कपाळ पुसलं. अण्णांनी माठातलं पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले आणि रिकामा पेला माझ्या पडद्याजवळ ठेवला. मला वाटलं, आता उठून निघून जातील.

"होस्टेलला काय काय न्यावं लागतंय?" त्यांनी विचारलं. "बघा की त्यात. ते तरी दिसंल न्हवं?"

ते दिसत होतं. त्यासाठी कुणाचा पासवर्ड लागत नव्हता. मी कॉलेजचं पान उघडलं आणि यादी छापून त्यांच्या हातात दिली. गादी, उशी, बादली-मग, दोन पांढऱ्या चादरी, पांढरे बंद बूट. त्यांनी ती बोट फिरवत हळूहळू वाचली.

"बूट हितं मिळत्याल?"

"बाजारपेठेत मिळतील. नंबर किती लागतो तिला?"

"नंबर..." त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून एक माप केलं. ते थोडं वाढवलं. मग कमी केलं. माझ्याकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं.

"त्ये तिलाच इचाराय लागंल," ते म्हणाले, आणि घरचा नंबर लावला.